दचका आणि धसका



मागच्या वेळी आपण भयानक रसाबद्दल बोललो होतो. भरताने त्याचा रंग काळा सांगितला, देवता काळ सांगितली, बीभत्सातून तो निपजतो असं म्हटलं, हे सगळं झालं. मग प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, हे सगळं मान्य. पण खरंच भीती वाटेल असा एखादा चित्रपट सांगा ना. शोधून शोधून दमलो. सगळे नुसते दचकवतात." सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि घड्याळाकडे बघून सभा आटोपती घेतली.

घरी येताना मात्र लाज वाटली. प्रश्न चांगला होता आणि आम्ही तो हसण्यावारी नेला होता. तीस वर्षं वर्गात भय या स्थायीभावाची फोड करून सांगितली, आणि एका साध्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्यातून त्या मुलाने जाता जाता अर्धं उत्तर स्वतःच दिलं होतं. 'दचकवतात', असं तो म्हणाला. आज त्या एका शब्दापासून सुरुवात करू.

भीतीच्या शब्दांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. दचकणं, बिचकणं, घाबरणं, भिणं, हबकणं, धास्तावणं. अंगावर काटा येतो, पोटात गोळा येतो, बोबडी वळते, मनात पाल चुकचुकते. हे सगळे एकमेकांच्या जागी चालणारे शब्द नाहीत. दचकणं हे शरीराचं काम आहे. मागून कुणी फटाका वाजवला तर पाळण्यातलं बाळ दचकतं आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापकही दचकतो. दोघांच्या दचकण्यात पदव्यांचा फरक पडत नाही. भीतीला विषय लागतो. कशाची तरी भीती असते. धास्ती पुढे बघते: निकालाची धास्ती, ऑपरेशनची धास्ती. आणि धसका? धसका मागे राहतो. तो कधी 'बसतो' असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा माणूस तो 'घेतो'. त्याने मुलाच्या अपघाताचा धसका घेतला, म्हणजे अपघात होऊन गेला, मुलगा बरा होऊन कामावर जायला लागला, पण बापाचं स्कूटरच्या आवाजाशी असलेलं नातं कायमचं बदललं.

आमचं म्हणणं एवढंच आहे. भयपटाकडून आपण मागतो धसका, आणि बाजारात मिळतो दचका. दोन्हीची गल्लत झाली आहे, म्हणून शोधणारा दमतो.

ही गल्लत कशी झाली त्याची एक गोष्ट आहे. 1942 साली अमेरिकेत 'कॅट पीपल' नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक जॅक टर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन. आरकेओ कंपनीने ल्यूटनच्या हातात बेताचे पैसे आणि एक सवंग शीर्षक ठेवलं होतं. त्यातून चित्रपट काढायचा होता. राक्षस दाखवायला पैसे नाहीत, तर तो न दाखवता काम भागवायचं. त्यात एक प्रसंग आहे. रात्री एक बाई पार्कच्या भिंतीकडेने एकटी चालली आहे. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतोय. दिव्याचा उजेड, मग अंधार, मग पुन्हा उजेड. टक, टक, टक. आणि मागचा आवाज थांबतो. नुसता थांबतो. पुढची बाई मागे बघते, रस्ता रिकामा. ती भरभर चालू लागते, आणि अचानक श्वापदाने फिस्कारावं तसा आवाज येतो. ती एक बस असते, ब्रेक लावून तिच्या पुढ्यात उभी राहिलेली.

चित्रपटवाले या युक्तीला आजही 'ल्यूटनची बस' म्हणतात. ऐंशी वर्षांत ही बस जगभर फिरली. कधी मांजर होऊन कपाटातून उडी मारते, कधी मित्राचा खांद्यावर पडलेला हात होते, कधी आरशाचं कपाट मिटल्यावर मागे उभा राहिलेला चेहरा होते. बस सगळ्यांनी घेतली. चालणं मात्र कुणी घेतलं नाही. त्या प्रसंगातली भीती बसमध्ये नव्हतीच मुळी! ती बंद पडलेल्या पावलांच्या आवाजात होती. बसने तर आपली सुटका केली. टाचांचा आवाज थांबला तिथे धसक्याचं बी पडलं, आणि बसचा दचका आला तो उलट ते उपटून टाकायला. आज भयपटांच्या जाहिरातींत एकामागून एक बसगाड्या येतात, कारण दोन मिनिटांच्या जाहिरातीत चालणं मावत नाही. म्हणून त्या मुलाला पहिली सूचना: ट्रेलर बघून भयपट निवडू नये. त्यात जे दिसतं ते बरोबर तेच असतं, जे आपल्याला नको आहे.

उन्हाळ्यात आमची नात सुटीला आली होती. कॉलेजात आहे, या विषयात आमच्यापेक्षा चार पावलं पुढे. तिला तो प्रश्न सांगितला, तर म्हणाली, "आजोबा, मग बघू या की. तुम्ही उगाच अ‍ॅरिस्टॉटल काढत बसू नका." मग सहा आठवड्यांत वीसेक चित्रपट पाहिले. हॉलमधला दिवा घालवून, ती खाली सतरंजीवर, आम्ही आरामखुर्चीत. ती अधूनमधून किंचाळायची, आणि आम्ही तिच्या किंचाळण्याने दचकायचो. हीसुद्धा एक नोंद आहे: आमचे निम्मे दचके नातीने दिले, चित्रपटाने नाही.

तरुणपणी आम्ही रामसे बंधूंचे चित्रपट पाहिले होते. 'पुराना मंदिर' 1984 मध्ये आला तेव्हा आम्ही नोकरीत स्थिरावलो होतो. चार सहकारी मिळून गेलो; त्यात एक संस्कृतचे, त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता, विद्यार्थ्यांनी ओळखू नये म्हणून. पडद्यावर सामरी आला की पिटातून शिट्ट्या पडायच्या. लोक किंचाळायचे आणि लगेच हसायचे. बाहेर पडून आम्ही भजी खाल्ली आणि घरी जाऊन गाढ झोपलो. रामसेंना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. तो जत्रेतला पाळणा होता, आणि पाळण्यात बसण्याचा आनंद खोटा नसतो. पण पाळण्यातून उतरल्यावर जमीन जिथे होती तिथेच असते. खरा भयपट पाहून उतरलात तर जमीन बोटभर सरकलेली लागते.

इथे थोडं तत्त्वज्ञान करावंच लागेल, नातीने माफ करावं.

केंडल वॉल्टन यांचा 1978 चा एक निबंध या विषयात फार चर्चिला गेला. त्यात चार्ल्स नावाचा एक काल्पनिक प्रेक्षक आहे. पडद्यावर हिरवा लिबलिबीत राक्षस त्याच्या अंगावर येतो, चार्ल्स खुर्ची घट्ट धरतो, छाती धडधडते, नंतर म्हणतो की मी भयंकर घाबरलो. वॉल्टन विचारतात: खरंच? मग तो पळाला का नाही? पोलिसांना फोन का केला नाही? त्याला राक्षस खरा वाटतच नाही, तेव्हा त्याची भीती ही खेळातली भीती. लहान मूल बापाला राक्षस मानून पळतं, त्या जातीची. युक्तिवाद मोठा देखणा आहे. वर्षानुवर्षं आम्ही तो शिकवला. पण यंदाच्या उन्हाळ्यात त्यातली एक गोष्ट पहिल्यांदा खटकली. वॉल्टन चार्ल्सला थिएटरात बघतात आणि तिथेच सोडून देतात. त्याच्या मागोमाग घरी जायला हवं होतं. रात्री तीन वाजता पाणी प्यायला उठलेला चार्ल्स स्वयंपाकघराचा दिवा आधी लावतो की आधी आत जातो, हे बघायला हवं होतं. हिरव्या राक्षसाच्या बाबतीत तो बेधडक आत जाईल, कारण तो दचका होता. पण काही चित्रपटांनंतर तो दिवा आधी लावतो. तिथे 'खेळातली भीती' हे उत्तर पुरत नाही, कारण खेळ तर केव्हाच संपला आहे.

नोएल कॅरल यांचं 1990 चं 'द फिलॉसॉफी ऑफ हॉरर' हे पुस्तक दुसरी बाजू घेतं. त्यांच्या मते भयकथेला राक्षस हवाच. तो धोकादायक हवा, शिवाय किळसवाणा हवा, आणि आपल्या ज्ञानाच्या चौकटीत न बसणारा हवा: अर्धा जिवंत अर्धा मेलेला, अर्धा माणूस अर्धा पशू. आपण घाबरतो तरी बघतो, कारण हे काय आहे ते जाणून घ्यायचं असतं. भीती ही त्या जिज्ञासेची किंमत. बीभत्सातून भयानक हा भरताचा क्रम ज्यांना आठवतो, त्यांना यात ओळखीचं काही दिसेल. पण या व्याख्येने पहिला बळी घेतला तो हिचकॉकच्या 'सायको'चा. नॉर्मन बेट्स हा वेडा माणूस आहे, शास्त्रात बसणारा आहे, म्हणून काटेकोर अर्थाने तो राक्षस नव्हे. मग 'सायको' व्याख्येच्या उंबरठ्यावर अडतो. 1960 पासून न्हाणीघराचा पडदा ओढताना ज्यांचा हात क्षणभर थांबतो, त्यांना हे सांगून बघावं.

राक्षस न दाखवताही काय होतं याचा उत्तम नमुना म्हणजे रॉबर्ट वाइजचा 1963 चा 'द हाँटिंग', शर्ली जॅक्सनच्या कादंबरीवरचा. हा वाइज ल्यूटनच्याच हाताखाली दिग्दर्शक झाला, आणि त्याने बस नव्हे, चालणं उचललं. जुना वाडा, दोन बायका, रात्र. भिंतीपलीकडून आवाज येतात. एलेनॉर अंधारात मैत्रिणीचा हात धरून पडली आहे, आणि तो हात तिचा हात इतका दाबतो की हाड मोडेल. दिवा लागतो. मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. मग आत्तापर्यंत हात कुणाचा धरला होता? बस्स. पुढे काही नाही. भूत अखेरपर्यंत दिसत नाही. आमच्या नातीने त्या रात्री पांघरुणाबाहेर हात काढला नाही, आणि हे तिने सकाळी आपणहून सांगितलं. तुम्ही म्हणाल, साठ वर्षांपूर्वीचा काळापांढरा चित्रपट आजच्या पोराबाळांना काय घाबरवणार? पण या चित्रपटाने बिघडवून ठेवली ती अंधारात कुणाचा तरी हात धरून झोपण्याची धीराची गोष्ट. ती तर अजून जुनी झालेली नाही.

इथे आमच्या हाती एक कसोटी लागली. धसका देणारा चित्रपट आपल्या घरातली एखादी साधी, भरवशाची वस्तू घेतो आणि तिच्यावरचा भरवसा काढून परत देतो. न्हाणीघराचा पडदा. हातातला हात. तेव्हा कुणाला विचारायचं असेल, तर 'किती भीती वाटली?' असं विचारू नका. त्याला लोक आकड्यात उत्तर देतात, दहापैकी आठ, दहापैकी नऊ, आणि त्या आकड्यातून काहीही कळत नाही. 'घरी आल्यावर काय बदललं?' असं विचारा. उत्तर मिळालं तर चित्रपट बघा.

आता 'तुंबाड'. याच्याबद्दल बोललो नाही तर मंडळी आम्हाला घरी जाऊ देणार नाहीत. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 2018 मध्ये आला तेव्हा थोड्यांनी पाहिला, आणि 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारं, मुळाशी नारायण धारपांच्या कथेचा धागा, तेव्हा मराठी वाचकाला तो परका नाही. पाऊस इतका खरा पडतो की बघताना आपल्याला पंचा घ्यावासा वाटतो. आम्हाला चित्रपट अतिशय आवडला. पण आजचा प्रश्न आवडण्याचा नाही. भीती वाटली का? तर हस्तरची नाही वाटली. देवीच्या गर्भात पिठाच्या बाहुल्यांवर झडप घालणारा तो लाल देह एकदा नीट दिसला की आपण त्याची चपळाई बघू लागतो, मोहरा किती पडल्या ते मोजू लागतो. शिवाय हस्तर हा लोभाचा धडा आहे, आणि धडा कळला की माणूस निर्धास्त होतो. इसापाच्या लांडग्याला कुणी भीत नाही.

पण सुरुवातीची ती आजी! साखळदंडात, खोलीत कोंडलेली, न मरणारी म्हातारी. तिला जेवू घालायची वेळ चुकवायची नाही, आणि ते काम एका लहान मुलावर येऊन पडलंय. कोकणातल्या, देशावरच्या कुठल्याही जुन्या घरात वाढलेल्या माणसाला ती खोली माहीत आहे. माजघराच्या मागची, औषधाचा आणि ओल्या कपड्यांचा वास येणारी. आत कुणीतरी असायचं, कण्हायचं, आणि मुलांना 'तिकडे जाऊ नका' असं सांगितलेलं असायचं. बर्वे यांनी काही नवीन निर्माण केलं नाही, दाराची कडी तेवढी काढली. पुढे विनायक मोठा होऊन परत येतो तेव्हा ती अजून आहे, झाडाच्या मुळांत गुंतलेली, आणि गुपिताच्या मोबदल्यात मागते काय, तर मरण. मंडळी, नात हा प्रसंग त्या मुलाच्या बाजूने बघत होती. तिचे डोळे त्याच्या थरथरत्या हातावर होते. आम्ही मात्र, आमच्या नकळत, आजीच्या बाजूने बघत होतो. आत कोंडलेल्या माणसाला दार किलकिलं होताना कसं दिसत असेल, ते. साठ वर्षांपूर्वी आम्ही त्या मुलाच्या जागी होतो. केव्हा पलीकडे गेलो ते कळलं नाही.

अ‍ॅरिस्टॉटल भीतीबद्दल 'र्‍हेटोरिक'मध्ये असं सांगतो की भीती वाटायला संकट जवळ यावं लागतं. मरायचं आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण ते जवळ नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही. हे वाक्य आम्ही तिशीत शिकवायला लागलो तेव्हा ते चतुर वाटायचं. आता 'जवळ' या शब्दाचं अंतर बदललं आहे. 'एक्झॉर्सिस्ट'चंच बघा. 1973 चा विल्यम फ्रीडकिनचा चित्रपट, मान गरकन फिरण्याचा तो प्रसंग जगप्रसिद्ध. तो बघून आम्हाला चक्क हसू आलं. पण त्याच चित्रपटात त्या मुलीला दवाखान्यात नेतात, मानेतल्या शिरेत सुई घालतात, रक्त उडतं, यंत्रं धडधडतात, डॉक्टर एकमेकांशी अगदी कामकाजी आवाजात बोलतात. तिथे सैतान नाही. तिथे आम्ही रिमोट उचलला आणि पाणी पिऊन आलो. आमच्या घरात चार वर्षांपूर्वी अशा आवाजात बोलणाऱ्या माणसांशी आमचा पुष्कळ संबंध आला होता. असो.

नात जूनमध्ये परत गेली. जाताना म्हणाली, "एक राहिलाय, तो तुम्ही एकटेच बघा. मला कंटाळवाणा वाटला, तुम्हाला आवडेल." हा असा आहेर नाती करतात. चित्रपट होता कियोशी कुरोसावा यांचा 2001 चा 'काइरो'. इजिप्तच्या राजधानीशी संबंध नाही. जपानीत या शब्दाचा अर्थ विजेचं मंडल, सर्किट. आणि हे कुरोसावा म्हणजे 'राशोमोन'वाले नव्हेत, हेही सांगून ठेवतो, कारण पत्रं येतात.

गोष्ट सांगायला सोपी आणि समजायला अवघड आहे. टोकियोतली काही तरुण मुलं. इंटरनेट घराघरात नुकतं येतंय, फोनच्या तारेवरून कुरकुरत जोडलं जाणारं. संगणक आपोआप चालू होतो आणि पडद्यावर अनोळखी माणसं त्यांच्या त्यांच्या खोल्यांत एकटी बसलेली दिसतात. मेलेल्यांची जागा संपली आहे म्हणे, आणि ते या तारांतून इकडे पाझरू लागले आहेत. ते कुणाला मारत नाहीत. ज्यांना भेटतात त्यांची जगण्याची इच्छा तेवढी निघून जाते. माणसं गप्प होतात, भिंतीला टेकतात, आणि एक दिवस भिंतीवर नुसता काळा डाग उरतो. काही खोल्यांची दारं लाल चिकटपट्टीने बंद केलेली. यात बघण्यासारखा राक्षस नाही, म्हणजे कॅरल यांची पंचाईत. किळसही नाही.

एका बंद खोलीत एक तरुण शिरतो. पलीकडच्या टोकाला एक बाई उभी आहे. ती त्याच्याकडे चालत येऊ लागते, अगदी सावकाश. कॅमेरा हलत नाही, बस येत नाही. चालता चालता ती बाई मध्येच अडखळते. पाय लुळा पडल्यासारखा सबंध देह एका बाजूला झुकतो, आणि मग ती सावरते आणि पुन्हा तशीच चालू लागते. तो मुलगा मागे सरकत सोफ्याच्या आडोशाला जातो. बस्स, एवढंच. आम्ही हा प्रसंग आतापर्यंत चारदा पाहिला, आणि तिचं अडखळणं येणार हे माहीत असूनही प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. का, ते नक्की सांगता येत नाही. भूत झडप घालतं, तरंगतं, नाहीसं होतं. भूत अडखळत नाही. अडखळतो तो देह, वजन असलेला, थकलेला. म्हणजे मेल्यावरही सुटका नाही, असं ते अडखळणं सांगतं की काय? तिथेही पाय ओढत चालायचंच?

त्यात आणखी एक छोटी गोष्ट आहे. एका विद्यार्थ्याने संगणकावर ठिपक्यांचा खेळ बनवला आहे. दोन ठिपके फार जवळ आले की मरतात, फार लांब गेले की एकमेकांकडे ओढले जातात. हे आपल्या जगाचं छोटं रूप आहे, असं एक मुलगी सांगते. संबंध चित्रपटाची फोड या पडद्यावरच्या पडद्यात आहे. भूत हे निमित्त. भय आहे ते असं की मरण म्हणजे शेवट नसून, एकटेपणाचा शेवट न होणं. नातीला हे कंटाळवाणं वाटलं याचं नवल नाही. वसतिगृहात एका खोलीत तिघीजणी राहतात.

आम्ही एकटे राहतो. मुलाचा फोन रविवारी येतो, पडद्यावर त्याचा चेहरा दिसतो, मागे त्याची खोली दिसते. त्या रविवारी बोलता बोलता जोडणी अडकली आणि त्याचा चेहरा तोंड उघडं असताना गोठला. हे दर आठवड्याला होतं. या खेपेला आम्ही पटकन फोन पालथा ठेवला.

दुसरं असं की आमच्या निजायच्या खोलीत भिंतीवर ओल आहे. जुलै महिना, वरच्या न्हाणीघरातला पाझर, सोसायटीच्या सभेत दर वर्षी तो विषय येतो आणि दर वर्षी चहा होतो. त्या ओलीचा आकार साधारण बसलेल्या माणसाएवढा आहे. पाच वर्षं आम्ही तिच्यासमोर झोपलो. 'काइरो' बघितल्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही पलंग फिरवून घेतला, आणि कामाच्या बाईंना कारण सांगितलं की पंख्याचा वारा नीट लागत नाही. वॉल्टन यांना कळवायला हरकत नाही.

आता आमची खरी अडचण. ती तुमच्यापुढे ठेवतो, सोडवून दाखवत नाही.

अभिनवगुप्ताने रस समजावून सांगताना शाकुंतलातल्या हरणाचं उदाहरण घेतलं आहे. मागे दुष्यंताचा रथ, पुढे मान वळवून मागे बघत पळणारं हरिण, तोंडातले अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडतायत. हे बघताना प्रेक्षकाला जी भीती जाणवते ती 'मी भ्यालो' अशी नसते, 'हरिण भ्यालं' अशीही नसते. ती कुणाचीच नसते. स्थळ, काळ, व्यक्ती यांतून सुटलेलं नुसतं भय. तेच आस्वादाला येतं, तोच भयानक रस. आणि त्याने रसाची सात विघ्नं मोजली आहेत. त्यांत प्रेक्षकाने आपल्या स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणं हे एक. हे आम्ही तीस वर्षं शिकवलं, परीक्षेत विचारलं, आणि 'मला माझी आजी आठवली' असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण कापले.

या हिशेबाने आजीच्या खोलीपाशी आणि भिंतीवरच्या ओलीपाशी आमचा रसभंग झाला. आम्ही सहृदय ठरत नाही, भेदरलेला म्हातारा ठरतो. पण दुसऱ्या बाजूने बघा. ओलीतून कुणी बाहेर येईल असं आम्हाला एक क्षणही वाटलं नाही. आमचं काही वाईट होईल, अशी ती भीती नव्हतीच. ती 'माझी' होती असं म्हणवत नाही, आणि कुणाचीच नव्हती असंही म्हणवत नाही. हरणाच्या भीतीसारखी ती सुटी होती, आणि तरी आमच्याच भिंतीवर येऊन बसली. अभिनवगुप्ताच्या प्रेक्षागृहातून लोक घरी जात असतीलच की. त्यांच्या वाटेवर दर्भ उगवत असतील. ते दिसल्यावर पाऊल जरा थबकत असेल, तर ते रसाचं विघ्न की रसाचाच उरलेला भाग? आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे झुकू लागला आहे. पण शास्त्राधार सापडलेला नाही. कुणाला सापडला तर जरूर कळवा. ज्यांचे गुण कापले, ते बहुतेक आता साठीला आले असतील.

तर त्या तरुण श्रोत्याला उत्तर. 'द हाँटिंग' बघ. जॅक क्लेटनचा 1961 चा 'द इनोसन्ट्स' बघ. तळ्यापलीकडे वेतात, भर दिवसा, नुसती उभी असलेली बाई कशी भीती घालते ते त्यात आहे. 'काइरो' आत्ता बघितलास तर कदाचित कंटाळशील, तेव्हा राखून ठेव. आणि मराठीत विशाल फुरिया यांचा 2017 चा 'लपाछपी' बघ. दिवस भरत आलेली बाई, उसाच्या फडातलं एकटं घर, आणि उषा नाईक यांनी उभी केलेली तुळसाबाई. आम्हाला तो ठाकठीक वाटला. मुलींचा जीव घेणाऱ्या घरांबद्दल त्याला जे म्हणायचंय ते शेवटी जरा मोठ्या आवाजात म्हटलं जातं. पण आमचा शब्द यात अखेरचा धरू नये. आम्ही शहरात वाढलो. ऊस आम्ही रसवंतीत पाहिला.

नातीचं वसतिगृह तालुक्याच्या गावी आहे. एसटीने जावं लागतं, आणि शेवटचा तासभर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. परवा तिचा फोन आला. म्हणाली, पाऊस नव्हता, उकडत होतं, तरी खिडकीची काच लावून बसले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, उघड की गं, जीव गुदमरतोय. तिने उघडली नाही.